तबकडीवरची नावं

मागच्या महिन्यात आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या गटात एक टूम निघाली. प्रत्येकाने आपल्या आवडत्या पाच ध्वनिमुद्रिका कळवायच्या आणि सध्या काय ऐकणं चाललंय तेही लिहायचं. मी यादी पाठवली : अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांचं संकलन, रहिमत खाँ, केसरबाई केरकर, मल्लिकार्जुन मन्सूर आणि अमीर खाँसाहेबांचा मारवा. तासाभरात एका परिचित गृहस्थांचा निरोप आला, "यादी सुंदर आहे. पण तुमच्यात गाणं चालतं का?"

प्रश्नात खोडसाळपणा नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. म्हणूनच तो जास्त लागला. योगायोग असा की त्याच आठवड्यात एका लग्नघरात आमच्या मामूंनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बेटा, वय झालं आता. हे गाणं-बजावणं सोड." या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण हे गाणं माझं नाही याबद्दल दोघांचं एकमत आहे. मामूंशी मी वाद घातला नाही. समाअ जायज की नाजायज हा वाद सुफी आणि उलेमा यांच्यात शेकडो वर्षं चालू आहे, तो बिर्याणीच्या पंगतीत मिटणार नव्हता. गृहस्थांना मात्र उत्तर द्यायचं ठरवलं. मग लक्षात आलं की उत्तर त्या यादीतच आहे, फक्त तबकडीवरची नावं नीट वाचायला हवीत.

भारतात तबकडीचा धंदा १९०२ साली सुरू झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि सुमारे तीन मिनिटांत सगळं आटपायचं. ज्या रागाची बढत करायला तास लागतो, तो तीन मिनिटांत! गाणं संपल्यावर गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायची. कच्च्या मुद्रणावर कोणाचा आवाज आहे हे परदेशातल्या कारखान्यात कळावं म्हणून ही सोय होती. आज ते ऐकताना वाटतं, निदान तिचं नाव तरी तिनेच सांगितलं. इतरांची नावं पुढे लोकांनी आपापल्या सोयीने वाचली.

बहुतेक मोठ्या उस्तादांना हे यंत्र मान्य नव्हतं. काहींना ते अपमानास्पद वाटलं, काहींना आपली विद्या चोरीला जाईल अशी धास्ती होती. अब्दुल करीम खाँसाहेब त्याला भ्याले नाहीत. ऐन तिशीत, १९०५ च्या सुमारास, त्यांनी पहिल्या तबकड्या दिल्या आणि आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, विजेवरचं मुद्रण आल्यावर, पुन्हा गायले. आपण आज जे ऐकतो ते बहुतेक हे दुसऱ्या खेपेचं गाणं. त्यातली झिंझोटीतली ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन घर सोडून गुरूच्या शोधात निघाला, ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. त्या ठुमरीत खाँसाहेबांचा आवाज बारीक आहे, उंच आहे, थोडा नाकातून येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विचित्रही वाटेल. मला वाटला होता. पण दहाव्यांदा ऐकताना कळतं की हा माणूस स्वर लावत नाही, आधीच हवेत असलेल्या स्वराला जाऊन मिळतो.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. घराण्याला नाव त्या गावाचं मिळालं, पण घर मिरजेत झालं. बडोद्याच्या दरबारात असताना सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांनी बडोदा सोडलं, संसार थाटला. १९१३ साली पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतलं. एका मुसलमान उस्तादाने शाळेला दिलेलं हे नाव आजच्या वाचकाला अडखळायला लावतं, त्या काळच्या पुण्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं. याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश असलेले इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स बावीस श्रुतींचं मोजमाप करत होते. त्यांच्या प्रयोगांना ज्या गळ्याचा आधार होता तो खाँसाहेबांचा. शाळेच्या दिवसांतली आणखी एक गंमत सांगतात. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या आपल्या कुत्र्याला सुरात ओरडायला शिकवलं होतं. कंपनीच्या तबकडीवरचा कुत्रा मालकाचा आवाज नुसता ऐकतो, हा तर गायचा.

पुढे ताराबाईंनी मुलांना घेऊन वेगळी वाट धरली. अब्दुल रहमान झाला सुरेशबाबू माने. चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर. सकीना म्हणजे सरस्वती राणे. ही सगळी नावं तबकड्यांवर छापली गेली. हिराबाईंच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघरी वाजल्या, बाईने उघड मैफलीत बसून गाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट त्यांनी केली. पण वडिलांची आणि लेकरांची तबकडी शेजारी ठेवली, तर नावांवरून दोघांचं नातं कुणाच्या लक्षात येणार नाही. ताराबाईंनी असं का केलं हे समजण्यासारखं आहे. त्या काळात एकट्या बाईला पाच मुलांना घेऊन समाजात उभं राहायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. फक्त एवढंच, की सुरेशबाबूंची ठुमरी लावली आणि डोळे मिटले की नाव पुसलं जातं आणि वडील ऐकू येतात. खाँसाहेबांची दुसरी एक शिष्या रोशन आरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. तीही त्याच तालमीची, पण तिची तबकडी आता वेगळ्या देशाच्या खणात ठेवली जाते.

सध्या मी ऐकतोय ते मात्र वेगळंच. खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदाची एक तबकडी दिली होती. पद 'मानापमान'मधलं, म्हणजे १९११ सालच्या खाडिलकरांच्या नाटकातलं. त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. उत्तरेत जन्मलेला माणूस मराठी शब्द गातोय आणि त्या शब्दांना बिलकूल घाई नाही. आणखी एका तबकडीत ते त्यागराजांची तेलुगू कृती गातात. कर्नाटकी सरगम त्यांनी दक्षिणेत मनापासून ऐकली आणि आपल्या ख्यालात आणली. मराठी, तेलुगू, ब्रज, सगळं एका गळ्यात. मी त्या गृहस्थांना यातली मराठी तबकडी गायकाचं नाव न सांगता पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "कोणत्या नाटक कंपनीतला नट हा?"

आता रहिमत खाँ. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांचा हा मुलगा, गाण्यात अलौकिक, व्यवहारात भ्रमिष्ट. काशीत वणवण फिरत होता. हद्दू खाँकडे शिकलेले विष्णुपंत छत्रे तेव्हा स्वतःची सर्कस घेऊन देशभर हिंडत होते. त्यांनी गुरुपुत्राला शोधून काढलं आणि सोबत आणलं. पुढची वर्षं रहिमत खाँ सर्कशीबरोबर फिरले, गायले आणि शेवटी १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. लोक त्यांना भूगंधर्व म्हणत. त्यांच्या तबकड्या उतारवयातल्या, खरखर भरपूर, आवाज मध्येच कुठे तरी निसटतो. तरी त्या ऐकल्या की करीम खाँसाहेब कुणासारखं गाऊ पाहत होते ते कळतं. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्याशेजारच्या तंबूत राहणारा हा गवई आणि त्याला अखेरपर्यंत सांभाळणारं एक मराठी ब्राह्मण कुटुंब, यावर कुणी अजून चांगलं नाटक कसं लिहिलं नाही याचं मला नवल वाटतं.

यादीतली पुढची दोन नावं खरं तर एका तिसऱ्याच माणसाची आहेत, आणि त्याची स्वतःची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब. शाहू महाराजांच्या आश्रयाला ते कोल्हापुरात आले आणि जयपूर-अत्रौली गायकी कोल्हापूरची झाली. तरुणपणी अतिरियाजाने आवाज बसला होता. त्या मोडलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी, वळणावळणाची गायकी त्यांनी घडवली. यंत्रासमोर गाण्याला त्यांनी नकारच दिला. १९४६ साली ते गेले, आणि त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. एका अर्थी त्या पिढीची धास्ती खरी ठरली नाही. विद्या चोरीला गेली नाही, दिलेल्या शिष्यांकडेच राहिली. पण आपल्या हाती मूळ आवाजाऐवजी त्याचे पडसाद उरले. केसरबाई, मोगूबाई, भास्करबुवा बखले हे त्यांचे थेट शिष्य. मुलगे मंजी खाँ आणि भूर्जी खाँ. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आधी मंजी खाँकडे शिकले, ते अकाली गेल्यावर भूर्जी खाँकडे. मन्सूरांची कुठलीही अनवट रागाची ध्वनिमुद्रिका घ्या, मुखडा समेवर येतो त्या क्षणी कोल्हापूरच्या त्या म्हाताऱ्याची सावली दिसते.

केसरबाईही गुरूसारख्याच हट्टी. तबकड्या दिल्या, पण मोजक्या. त्यातली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईने एका खाँसाहेबांकडून घेतलेली तालीम आता सूर्यमालेच्या पल्याड फिरते आहे. त्या तबकडीवर 'यांच्यात गाणं चालतं का' असं विचारणारं कुणी नसावं, अशी आशा.

अमीर खाँसाहेबांबद्दल थोडक्यात, कारण मारव्याबद्दल लिहायला बसलो की मला थांबता येत नाही. ही १९६० ची लाँग प्ले, एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. आता तीन मिनिटांची कटकट संपली होती, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळत होती. खाँसाहेबांनी ती इतक्या सावकाश वापरली की जणू रात्रभराची सवड आहे. स्वरांच्या क्रमबदलातून बढत करणारी त्यांची मेरुखंड पद्धत मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याशी नातं सांगते. त्या घराण्याचे अमान अली खाँ हे लता मंगेशकरांचेही गुरू. भेंडीबाजार म्हटलं की लोकांना गर्दी, दंगल, कबाब आठवतात. मला मारव्याचा कोमल रिषभ आठवतो.

मारवा मी एक संध्याकाळ सोडून एक संध्याकाळ ऐकतो. त्याने बेचैन केलं की परत खाँसाहेबांकडे, मिरजेला. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीच्या वाटेवर खाँसाहेबांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावर त्यांनी नमाज पढली, मग दरबारीत कलमा गायला आणि आडवे झाले, असं सांगतात. मय्यत मिरजेला आणली गेली. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या आठवणीत रात्ररात्र गाणं होतं. गाणारे सगळ्या जातीधर्मांचे असतात, ऐकणारेही. मामूंना एकदा तिकडे न्यायचा विचार आहे, दर्ग्याला चला एवढंच सांगून.

याच गावात सतारमेकर गल्ली आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तलवारींना धार लावायचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली. भोपळा पंढरपूरकडच्या शेतातून यायचा, आजही येतो. विठोबाच्या भीमाकाठचं फळ, मुसलमानाची पटाशी, आणि त्यावर बसून कुणी मराठी, कुणी कानडी माणूस गाणार. त्या गल्लीतल्या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मागच्या खेपेला मी तिथे एका दुकानात बराच वेळ बसून होतो. हुबळीहून आलेल्या एका मुलीच्या तंबोऱ्याची जवारी काढायचं काम चाललं होतं. कारागीर म्हातारे होते, लुंगी आणि जाळीची टोपी. तार आणि घोडीच्या मधला सुताचा धागा ते केसभर पुढे सरकवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा मागे. मुलीला वाटलं झालं, ती उठायला लागली.

"थांब, बेटी," ते वर न बघता म्हणाले, "अजून गंधार बोलला नाही."

ती पुन्हा खाली बसली. त्यांनी धागा परत हातात घेतला.