चौलच्या बंदरातली पहिली ओळख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोंदिया जिल्ह्यातले आमचे दवनीवाडा समुद्रापासून शेकडो कोस दूर. पण इथला धान पिकवणारा शेतकरी 'खरीप' म्हणतो, तेव्हा तो अरबी शब्द उच्चारत असतो. खरीप म्हणजे शरद ऋतू आणि रब्बी म्हणजे वसंत. हिशेब, महसूल, तहसील हेही मूळचे अरबीच. सुलतानांच्या आणि मोगलांच्या दफ्तरांतून, फार्सीच्या वाटेने हे शब्द मराठीत रुळले. 'मोसमी' पावसातला मोसमही अरबी. त्याचा अर्थ ठरलेला काळ, हंगाम. हा शब्द मात्र दफ्तरापेक्षा समुद्राची आठवण करून देतो, आणि आज मला त्या समुद्राच्या वाटेविषयीच सांगायचे आहे.

महाराष्ट्राची इस्लामशी ओळख केव्हा झाली, असे विचारले तर बहुतेक जण १२९६ हे साल सांगतात. त्या वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. ही घटना खरी आणि मोठीही आहे. पण ओळख त्याच्याही साडेसहाशे वर्षे आधीची आहे.

इसवी सन ६२२ मध्ये महंमद पैगंबर मक्केहून मदिनेला गेले. तिथून हिजरी सन सुरू झाला. ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वीस वर्षांत सीरिया, इजिप्त आणि इराण अरबांच्या ताब्यात आले. इराणचे सासानी साम्राज्य ६५१ मध्ये संपले. या विस्ताराची पहिली लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो, की खलिफा उमर यांच्या काळात ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमारी स्वारी पाठवली होती. समुद्रावरची ही जोखीम खुद्द खलिफांनाच पसंत पडली नाही. पुढे ७१२ पर्यंत सिंध अरबांनी जिंकला. तिथून निघालेली फौज दक्षिणेकडे सरकली, तेव्हा चालुक्य घराण्यातल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने तिला नवसारीजवळ हरवले. त्याच्या ७३९ च्या ताम्रपटात या अरबांना 'ताजिक' म्हटले आहे.

तलवारीची वाट अशी अडली, पण व्यापाराची मोकळी राहिली. ७६२ मध्ये अब्बासी खलिफा मन्सूर यांनी बगदाद वसवले. एवढ्या मोठ्या राजधानीला लागणारा माल इराणी आखातातल्या बसरा आणि सिराफ या बंदरांतून येई. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परतत. मधले महिने व्यापाऱ्याला इथेच काढावे लागत. मग घर आले, वखार आली, नमाजाची जागा आली, संसार आला. कोकणातली मुस्लिम वस्ती अशी वाऱ्याच्या वेळापत्रकातून उभी राहिली.

दख्खनमध्ये तेव्हा मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे राज्य होते. त्यांची सत्ता आपल्या विदर्भातही होती. चंद्रपूरजवळच्या भांदक इथे पहिल्या कृष्णराजाचा ७७२ चा ताम्रपट मिळाला आहे. अरब त्यांना 'बल्हारा' म्हणत. हा 'वल्लभराज' या बिरुदाचाच अपभ्रंश. ८५१ च्या एका अरबी प्रवासवर्णनात जगातल्या चार थोर राजांमध्ये बल्हाराची गणना केली आहे. राष्ट्रकूटांनाही ही मैत्री सोयीची होती. त्यांना घोडे हवे होते, बंदरांची जकात हवी होती. शिवाय उत्तरेकडचे प्रतिहार हे दोघांचेही शत्रू.

बगदादचा प्रवासी मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला. अरब चौलला 'सैमूर' म्हणत. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. काही ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते, तर काही इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी. त्याला 'हुनरमन' म्हणत आणि त्याची नेमणूक हिंदू राजा करी.

याहून बोलका पुरावा डहाणूजवळच्या चिंचणी गावात सापडला. तो शके ८४८, म्हणजे ९२६ सालचा संस्कृत ताम्रपट आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाने एका ताजिकाकडे सोपवला होता, असे त्यात म्हटले आहे. त्याचे नाव मधुमती, म्हणजेच महंमद. त्याला सुगतिप असेही म्हणत. या अधिकाऱ्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. संजाणला अन्नछत्र घातले, तिथे वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळे. आणि राजाच्या संमतीने त्याने एका मठाला जमीन दिली, देवीच्या पूजेसाठी आणि इमारतीच्या डागडुजीसाठी.

याचा अर्थ तो काळ सगळा गोडीगुलाबीचा होता, असा मुळीच नाही. ठाण्याची स्वारी आणि नवसारीची लढाई याच कथेतल्या आहेत. राजांना जकात हवी होती आणि व्यापाऱ्यांना नफा. पण स्वार्थ दोन्हीकडे होता म्हणूनच विश्वासही टिकला. दूरच्या बंदरात माल उतरवणाऱ्याला न्यायाची खात्री लागते, आणि राजाला भरवशाचा माणूस लागतो.

इतिहास कुठून सांगायला सुरुवात करायची, यावर बरेच अवलंबून असते. १२९६ पासून सुरुवात केली, तर शेजारी आपल्याला फक्त घोड्यावरून येताना दिसतो. चिंचणीच्या ताम्रपटापासून सुरुवात केली, तर तोच शेजारी नदीवर नाव घालताना आणि वाटसरूला भात वाढतानाही दिसतो. दोन्ही चित्रे आपल्याच इतिहासातली आहेत. मुलांना सांगताना त्यातले एकही गाळू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.