एकवीसचे अठरा

१९८९ साली मी बी.ए.ला होतो. विषय राज्यशास्त्र. पुस्तकात छापले होते : कलम ३२६, मतदाराचे वय २१. पण ६१ वी घटनादुरुस्ती झाली होती आणि २८ मार्च १९८९ पासून ते वय १८ वर आले होते. जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा सरांनी तो आकडा खोडायला लावला. आम्ही एकोणीस-वीस वर्षांची पोरे आपल्याच हाताने पुस्तक दुरुस्त करून मतदार झालो! अर्थात, आधी यादीत नाव लागायला हवे होते. त्यासाठी मारलेल्या खेपांचा धडा पुस्तकात नव्हता.

घरी अम्मीने विचारले, "एवढी घटना शिकतोस, तर सांग, शिक्का कुठे मारायचा ते तुझे अब्बाच का ठरवतात?" गुप्त मतदानावर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. तिला एवढेच म्हणालो, "पडद्याआड तू एकटीच असतेस."

नोव्हेंबरात मतदान झाले. ज्यांच्या सरकारने आम्हाला हक्क दिला, ती काँग्रेस १९८४ च्या चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर आली. पोरांनीच पाडले, असे कट्ट्यावर बोलले जाई. मला ते पटत नाही. बोफोर्स होते, विरोधकांची एकजूट होती.

अम्मीने शिक्का कुठे मारला, ते तिने अब्बांना कधी सांगितले नाही. मलाही नाही.