जुनी स्टेशन वॅगन घेताय? किंमत योग्य आहे का, असं ओळखा

‘विंटेज’ शब्दावर जादा पैसे मोजू नका. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपातली गाडीच विंटेज ठरते. १९९२ची टाटा इस्टेट अजून त्यात बसत नाही. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

गाडी मनोरीसारख्या समुद्रकाठच्या गावातली असेल तर आधी गंज पाहा. खारी हवा पत्रा खाते. मॅट उचलून तळ, मागच्या दाराची खालची कड आणि स्टेपनीची जागा तपासा. पत्र्यावर लोहचुंबक चिकटत नसेल, तर रंगाखाली पुट्टी असू शकते.

इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवा.

मागितलेली किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च, ही बेरीज तशाच सुस्थितीतल्या गाडीच्या भावापेक्षा जास्त असेल, तर सौदा महाग.