वापसा : लोणारच्या काठावरून यिन-यांग समजून घेताना

१/
डोणगावहून मेहकरमार्गे लोणार गाठावे आणि सूर्योदयाच्या वेळी विवराच्या कड्यावर उभे राहावे. पश्चिमेची उतरण उन्हाने उजळलेली दिसते. पूर्वेची अजून सावलीत असते. सायंकाळी हेच चित्र उलटते. डोंगर तोच राहतो, ऊन आणि सावली जागा बदलतात. चिनी भाषेतील ‘यिन’ आणि ‘यांग’ या शब्दांचा मूळ अर्थ हाच आहे : डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू.

२/
आज ही जोडी आपण काळ्या-पांढऱ्या वर्तुळावरून ओळखतो. ते वर्तुळ पुष्कळ नंतरचे. शब्द त्याहून कितीतरी जुने. लाओ-त्झूच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथात यिन-यांगचा उल्लेख केवळ एकदा, ४२व्या प्रकरणात येतो. यिन म्हणजे वाईट आणि यांग म्हणजे चांगले, हा समज या परंपरेला धरून नाही. सावलीचा पराभव झाला म्हणून ऊन पडत नाही. दोन्ही एकमेकांत उतरत जातात.

३/
या विचाराचा महाराष्ट्राशी एक अनपेक्षित दुवा आहे. इ.स. ६४०च्या सुमारास चिनी भिक्षू युआन श्वांग महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी कठोर, असे येथील लोकांचे वर्णन त्याने करून ठेवले. इ.स. ६४५ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे दोनच वर्षांनी तांग सम्राट ताइ-त्सुंगने त्याच्यावर वेगळीच कामगिरी सोपवली : लाओ-त्झूचा ग्रंथ संस्कृतात न्यायचा.

४/
वाद पेटला तो पहिल्याच शब्दावर. ‘ताओ’ला संस्कृत शब्द कोणता? ताओपंथी विद्वानांना ‘बोधि’ हवा होता. युआन श्वांग ‘मार्ग’ या शब्दावर अडून राहिला. तो अनुवाद आज उपलब्ध नाही. वादाची नोंद मात्र उरली आहे. बोधि म्हणजे जागृती. ती एकदा झाली की झाली. मार्ग चालावा लागतो. ताओपंथीयांना अपेक्षित समतोल समजून घ्यायला मला हा दुसरा शब्द अधिक जवळचा वाटतो.

५/
आता पुन्हा लोणार. उल्काघातातून, बेसॉल्ट खडकात घडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळातील सरोवर खारे आणि अल्कधर्मी; कड्यावरून मात्र गोड्या पाण्याची ‘धार’ वाहते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’मध्ये या ठिकाणच्या खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांची नोंद केली. कमळजा देवीच्या मंदिराजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे परिसरात सांगितले जाते. नात्यातला ताण आणि एकत्र नांदणे, दोन्ही त्या एका नावात आले.

६/
जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पातळी घटली, खारेपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. पावसाचे पाणी मिसळले तसा रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

७/
मग गोडे पाणी तारणारे आणि खारे मारणारे, असे म्हणायचे का? तसे नाही. येथील जीवसृष्टी खारेपणावरच जगते. गोडे पाणी प्रमाणाबाहेर आले, तर लोणारचे लोणारपणच विरघळेल. लोणार टिकवायचे तर दोन्ही पाण्यांचे येणे-जाणे सांभाळावे लागेल. एकाला जिंकू देऊन भागणार नाही.

८/
आपण मात्र समतोल म्हणजे वाटणी समजतो : इतके तास अभ्यास, इतके तास विश्रांती. एखाद्या दिवशी वेळापत्रक कोलमडले की स्वतःला दोष देतो. परीक्षेच्या महिन्यात जागरण होणारच, घरात आजारपण असेल तेव्हा पुस्तक मिटून ठेवावेच लागणार. त्या दिवसांत समतोल बिघडलेला नसतो. ऊन दुसऱ्या उतरणीवर गेलेले असते. काळजी करायची ती ऊन परत येईनासे झाले तर. महिनोन्‌महिने एकच बाजू भाजून निघाली तर.

९/
हे समजण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मेहकर-लोणार पट्ट्यातील कोणत्याही शेतकऱ्याला ‘वापसा’ म्हणजे काय ते विचारावे. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते, पण चिखल नसतो. हवा खेळते, पण माती कोरडी नसते. पेरणी तेव्हाच, डवरणीही तेव्हाच. वापसा कायम टिकत नाही आणि हुकमी आणताही येत नाही. पाऊस आणि उघडीप यांच्यामध्ये तो येतो, एक-दोन दिवस राहतो आणि निघून जातो.

१०/
शेतकरी म्हणून वापशाची तारीख ठरवत नाही. तो रोज बांधावर जातो, मातीची मूठ उचलतो, दाबून पाहतो. युआन श्वांगने ज्या शब्दासाठी वाद घातला, तो ‘मार्ग’ यापेक्षा फार वेगळा नसावा.