अजिंठ्यापुढे जपानी कुंचला

 जळगावच्या दक्षिणेस, तत्कालीन निजामाच्या मुलुखात असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत, १९१७-१८ च्या हिवाळ्यात अराई कांपो हा जपानी चित्रकार भित्तिचित्रांच्या प्रतिकृती उतरवीत होता. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ साली कलकत्त्यास आलेला हा कलावंत ज्या परंपरेत वाढला, तीत चित्र आणि काव्याक्षरे एकाच कुंचल्याने, काजळी व सरसाच्या वडीपासून उगाळलेल्या शाईने, कागदावर वा रेशमावर उतरतात, पाठीस कागदाचे अस्तर लाभून खालच्या दांडीभोवती गुंडाळली जातात, आणि ऋतुमानाप्रमाणे बैठकीच्या कोनाड्यात टांगली जातात. तेथे एकदा उमटलेली रेषा खोडता येत नाही. अजिंठ्याच्या रेषेचा आत्मविश्वास ओळखण्यास याहून योग्य शिक्षण मला दिसत नाही.

या लेण्यांच्या प्रतिकृतींचे दैव मात्र दारुण ठरले. कांपोच्या आधी त्या उतरविणाऱ्या रॉबर्ट गिलची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली, त्याच्यानंतर प्रती करणाऱ्या ग्रिफिथ्सच्या कित्येक प्रती १८८५ साली दुसऱ्या एका आगीत गेल्या, आणि तोक्योच्या विद्यापीठात ठेवलेल्या जपानी प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या अग्निप्रलयात भस्मसात झाल्या. कांपोने पुढे जपानमधील होर्युजी मंदिरातील, अजिंठ्याशी नाते सांगणाऱ्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम अंगावर घेतले आणि १९४५ साली त्याचे निधन झाले. १९४९ मध्ये त्या मंदिरास आग लागून मूळ चित्रे करपली. प्रतिकृती तेवढ्या वाचल्या.