दोष कोणाचा?

वांझ हा शब्द आपल्या भाषेने स्त्रीसाठीच राखून ठेवला आहे. करंज्याचा कोळीवाडा असो की पनवेलची बाजारपेठ, पाळणा हलला नाही म्हणजे नवस बायकोने बोलायचा, उपास तिने करायचे आणि शेवटी सवतही तिच्याच उरावर यायची. नवऱ्याला कोणी विचारीत नसे.

जुन्या शास्त्रकारांना ही शंका आली नव्हती असे नाही. नारदस्मृतीने वराच्या पुरुषत्वाची लग्नाआधी परीक्षा सांगितली आहे आणि नपुंसकांचे १४ प्रकार मोजले आहेत. पण ती परीक्षा बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांची. संसारसुखात काही उणे नसलेल्या, होडी ओढणाऱ्या धट्ट्याकट्ट्या गड्याच्या वीर्यात बीजच नसेल, तर ते तिला कसे कळावे?

१९४२ साली अमेरिकेत क्लाइनफेल्टर या डॉक्टरने अशा नऊ पुरुषांचे वर्णन केले. कारण मात्र सापडेना. कारण माणसाची गुणसूत्रेच कोणी नीट मोजलेली नव्हती! १९२३ मध्ये पेंटरने ४८ सांगितली आणि पुढे तीस वर्षे सारे ४८च म्हणत राहिले. मुकादमाने मस्टरावर एकदा आकडा टाकला की पुन्हा माणसे कोण मोजतो, हे आम्हा युनियनवाल्यांना नवे नाही. १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये मोजून ४६ ठरवली. मग तीनच वर्षांत, १९५९ साली, एडिंबरोला पॅट्रिशिया जेकब्ज आणि स्ट्राँग यांना अशा एका पुरुषाच्या पेशीत ४७ आढळली. एक ‘एक्स’ जादा. सुमारे ६०० मुलग्यांमागे एकाला हे असते. ते पापाने येत नाही, कुपथ्यानेही नाही. आईचे अंडे किंवा बापाचे बीज तयार होताना वाटणी चुकते, एवढेच. १९७६ मध्ये इटलीत, काही निर्बीज पुरुषांच्या ‘वाय’ गुणसूत्राचा तुकडाच गळालेला आढळला.

आपल्याकडे हा विषय उघड बोलणेच गुन्हा होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, तर त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. पुढे १९७० मध्ये परळला, गिरणगावातच, प्रजननसंशोधनाची सरकारी संस्था निघाली.

आता १९९२ पासून एकच बीज सुईने अंड्यात सोडण्याची युक्ती साधली आहे, आणि जादा ‘एक्स’ असलेल्यांपैकी काहींच्या वृषणातही शोधल्यास थोडे बीज मिळते. खर्च मोठा आहे. पण नवऱ्याची पहिली तपासणी वीर्याची. ती साधी, स्वस्त, आणि पोट चिरावे लागत नाही. तरीही आमच्या भागातून दवाखान्याची पायरी आधी चढते ती बायकोच, आणि पुष्कळदा एकटी.