जमिनीवरचा घास

कुत्र्याचे पिल्लू जग तोंडाने तपासते. दिसेल ती वस्तू हुंगायची, चाटायची, चावायची आणि जमले तर गिळायची, हा त्याचा पहिल्या काही महिन्यांचा उद्योग असतो. पिल्लाला दुधाचे 28 दात येतात. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून 42 कायमचे दात येतात आणि या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने चावणे आणखी वाढते. जमिनीवर पडलेले काही खाऊ नये, ही शिकवण पिल्लाला माणसाने दिली. ती का द्यावी लागली आणि कशी द्यावी, याची उत्तरे मात्र काळानुसार बदलत गेली.

जमिनीवरचे उचलून खाणे हा कुत्र्याचा दोष नाही, तो त्याचा वारसा आहे. माणसाच्या वस्तीभोवतीच्या उष्ट्या-खरकट्याचा कुत्र्याच्या माणसाळण्यात मोठा वाटा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. पिष्टमय अन्न पचवायला मदत करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोन प्रती असतात, तर बहुतेक कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त. हे स्वीडनमधील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले. भाकरीचा तुकडा आणि भाताचे शीत पचवणारे शरीर माणसाच्या सहवासातच घडले.

प्राचीन काळी जमीन हेच कुत्र्याचे ताट होते. ग्रीक लोक जेवताना हात पुसायला वापरलेला भाकरीचा गोळा कुत्र्यांपुढे टाकत. मेजवानीनंतर फरशीवर सांडलेले काटे, शिंपले, फळांच्या साली दाखवणारे मोझॅक काढण्याची पद्धत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामॉनच्या सोसस या कलाकाराने रूढ केली. त्या धर्तीवरची रोमन फरशी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. भारतात तर कुत्र्यासाठी जमिनीवर अन्न ठेवणे हे गृहस्थाचे कर्तव्य होते. मनुस्मृतीतील वैश्वदेवाच्या विधीत कुत्री, कावळे आणि कृमींसाठी अन्न हलकेच भुईवर ठेवण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रात खंडोबाच्या उपासनेमुळे कुत्र्याला विशेष मान मिळाला. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे असा नैवेद्य होतो आणि त्यातले कुत्र्यांनाही घालण्याची प्रथा अनेक घरांत आहे.

बंदी होती ती ठरावीक जागी आणि ठरावीक पदार्थांना. तिचा एक जुना दाखला महाभारताच्या आदिपर्वात सापडतो. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचा यज्ञ चालू असताना देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्याला मारले. पिल्लू रडत आईकडे गेले. हविर्द्रव्याला आपण तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे त्याने सांगितले. निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल सरमेने जनमेजयाला शाप दिला आणि राजा भयभीत झाला. न केलेल्या कृत्याची शिक्षा अन्यायाची असते, हे या कथेचे सूत्र आहे. कुत्र्यांच्या शिक्षणाला हे सूत्र मान्य व्हायला पुढे फार काळ लागला.

रोमन विद्वान व्हॅरो याने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढपाळांच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली जवाची भाकरी द्यावी, पण मेलेल्या मेंढीचे मांस खाऊ देऊ नये, असा सल्ला आहे. एकदा चव लागली की कुत्र्याला आवरणे कठीण, हे त्यामागचे कारण. सवय लागू न देणे हा उपाय इतका जुना आहे. मध्ययुगीन युरोपातील शिकारी कुत्र्यांना वेगळी शिस्त होती. मारलेल्या हरणावर त्यांनी तुटून पडायचे नाही. शिकार सोलून झाल्यावर रक्तात भिजवलेली भाकरी आणि आतडी कातड्यावर पसरून त्यांचा वाटा विधिपूर्वक दिला जाई. संयम पाळला तर अन्न मिळते, हा व्यवहार तेथे रोजच्या कामाचा भाग झाला होता.

घराच्या आत मात्र पुढेही बराच काळ मोकळीक राहिली. इंग्लंडमधील घरांत जमिनीवर लव्हाळे पसरलेले असत आणि त्याखाली माशांचे काटे, सांडलेली बिअर आणि कुत्र्यांची घाण साचत जाई, अशी तक्रार सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने एका पत्रात केली होती. एकोणिसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गाच्या घरांत गालिचे आले, स्वच्छतेच्या कल्पना बदलल्या आणि कुत्रा दिवाणखान्यात आला. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट याने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली. कुत्र्याचे अन्न वेगळे, त्याचे भांडे वेगळे आणि वेळ वेगळी, अशी व्यवस्था हळूहळू रुळली. तोवर जे स्वाभाविक होते ते आता गैरवर्तन ठरले.

त्याच शतकात जमिनीवरचा घास जिवावर बेतू लागला. 1818 मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्रिक्निन हे विष वेगळे केले. सह्याद्रीच्या रानातही वाढणाऱ्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांत हेच विष असते. लांडगे मारण्यासाठी मांसात स्ट्रिक्निन घालून ते रानात टाकण्याची रीत अमेरिकेत पसरली. राखणीच्या कुत्र्याचा काटा काढण्यासाठी चोरांनाही असाच तुकडा पुरे होता. त्यामुळे पोलीस आणि राखणीच्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणात अन्न नाकारण्याचा धडा महत्त्वाचा ठरला. बेल्जियम आणि फ्रान्समधील ‘रिंग’ स्पर्धांत तो आजही टिकून आहे. समोर फेकलेला किंवा जमिनीवर ठेवलेला खाऊ कुत्र्याने तोंडात घेतला की गुण कापले जातात.

हा धडा प्रामुख्याने धाकाने दिला जाई. अंडी फोडून खाणाऱ्या कुत्र्यासाठी अंड्यात मोहरी भरून ठेवणे, पट्ट्याला हिसका देणे, छडी मारणे हे उपाय सर्रास चालत. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याने 1910 मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर प्रभावी पुस्तक लिहिले. त्यात सक्ती होतीच, पण एक मोलाची गोष्टही होती. कुत्र्याला माणसाची नीतिकल्पना कळत नाही, त्यामुळे शिक्षा असो वा बक्षीस, ते कृतीच्या क्षणीच मिळाले पाहिजे, असे त्याने मांडले. वस्तू गिळून झाल्यावर पिल्लाला रागावणे निरर्थक का, याचे उत्तर त्यात आहे.

सौम्य पद्धतीचा प्रवाहही होता. ब्रिटिश सेनाधिकारी विल्यम हचिन्सन याने 1848 मध्ये शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. समोर खाऊ असताना आज्ञेवर थांबायचे आणि खूण झाल्यावरच पुढे जायचे, हा पाठ त्याने घरच्या घरी देण्यास सांगितला. त्यामागचे शास्त्र पुढे प्रयोगशाळेत उलगडले. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती कृती पुन्हा होते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने 1938 च्या ग्रंथात या विचाराला भक्कम रूप दिले. 1951 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखात त्याने सामान्य वाचकांना सांगितले की, योग्य कृतीच्या क्षणी एक छोटा आवाज करावा आणि लगेच खाऊ द्यावा.

स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी 1947 मध्ये याच तत्त्वावर प्राणी शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. 1961 मध्ये त्यांनी या तत्त्वाची मर्यादाही नोंदवली. नाणी पेटीत टाकायला शिकवलेली डुकरे काही काळाने ती जमिनीवर टाकून नाकाडाने उकरू लागत. अन्नाशी जोडलेली उपजत वागणूक शिकवणीवर मात करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पिल्लाच्या बाबतीतही म्हणूनच शिकवणीला सरावाची आणि आवरलेल्या घराची जोड लागते.

या ज्ञानाचा लाभ पिल्लांना मिळायला आणखी वीस वर्षे गेली. अमेरिकेत विल्यम केलर याच्या 1962 च्या पुस्तकातील साखळीच्या हिसक्याची पद्धत लोकप्रिय होती. असा हिसका कोवळ्या मानेला सोसणारा नसल्याने शिकवणी सहसा सहाव्या महिन्यानंतर सुरू होई. तोवर जमिनीवरचे खाण्याची सवय पक्की झालेली असे. ब्रिटिश पशुवैद्य इयान डनबार यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात लहान पिल्लांसाठी दोरीविना वर्ग सुरू केले. हिसक्याची जागा खाऊने घेतल्यामुळे शिकवणी लहान वयात सुरू करता आली. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या 1984 च्या पुस्तकाने हाच विचार घरोघरी नेला.

आज रूढ असलेली पद्धत यातून तयार झाली. मुठीत खाऊ धरून पिल्लापुढे करतात. ते हुंगते, चाटते, पंजा मारते. मूठ उघडत नाही. तोंड मागे घेताच शाबासकी देऊन दुसऱ्या हातातला खाऊ देतात. मग तळहात उघडा ठेवून, नंतर खाऊ जमिनीवर पायाशी ठेवून आणि शेवटी रस्त्यावर चालताना हाच पाठ होतो. ‘सोड’ हा शब्द कृती जमू लागल्यावर जोडतात. सोडलेली वस्तू पिल्लाला सहसा देत नाहीत. बक्षीस नेहमी हातातून येते. पिल्लाने काही उचललेच, तर त्याच्या मागे धावण्याऐवजी अधिक आवडीचा खाऊ दाखवून अदलाबदल करतात. जबडा उघडून वस्तू वारंवार ओढून घेतली की पिल्लू ती घाईने गिळायला किंवा गुरगुरून राखायला शिकते.

कामाच्या कुत्र्यांमध्ये या शिकवणीची कसोटी लागते. युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे 1916 मध्ये मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा सुरू झाली. रस्त्यातल्या तुकड्याकडे वळणारा कुत्रा अंध माणसाला संकटात टाकतो. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी गाजलेल्या जंजीरसारख्या स्फोटकशोधक कुत्र्याला सापडलेल्या वस्तूला तोंड लावणे वर्ज्य असते. इटलीत 1985 च्या कायद्याने ट्रफल ही भूमिगत बुरशी शोधायला कुत्राच वापरणे बंधनकारक केले. तेथे प्रतिस्पर्ध्यांनी टाकलेल्या विषारी मांसाला कुत्री बळी पडतात, म्हणून काही ट्रफलशोधक आपल्या कुत्र्याला मुसके बांधतात.

शहरी घरात विष देणारा शत्रू नसतो, पण विष असते. 1948 मध्ये वॉरफरिन हे उंदरांचे औषध बाजारात आले. ते रक्त गोठू देत नाही. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या हृदयावर परिणाम करते, कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल रक्तशर्करा झपाट्याने उतरवते. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे पशुवैद्यांच्या ध्यानात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत 2021 मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असल्याने मराठी स्वयंपाकघरालाही ही माहिती लागू पडते. यांपैकी काही पोटात गेले, तर घरगुती उपाय न करता तातडीने पशुवैद्याकडे जावे लागते. ही यादी अजून वाढते आहे आणि तिच्यातला प्रत्येक पदार्थ पिल्लाला ओळखता येणार नाही. म्हणून आजची शिकवण पदार्थाची बंदी घालत नाही. जमिनीवर काहीही दिसले की आधी माणसाकडे पाहावे, ही एकच सवय ती लावते.